बाहेरून लाइट जोडली तरी कॅम्परची बॅटरी चार्ज होत नव्हती, तेव्हा काय काय तपासलं ते सगळं

हे लिहायचं कारण एवढंच की डिसेंबरमध्ये मी जेव्हा या प्रकाराच्या मागे लागले होते तेव्हा मराठीत काहीच धड वाचायला मिळालं नाही, आणि ज्याला विचारावं तो पहिलं वाक्य "बॅटरी गेली" हेच म्हणायचा. बॅटरी गेली नव्हती. चार्जरही गेला नव्हता. ज्यांच्याकडे घरच्या घरी बनवून घेतलेली कॅम्पर गाडी आहे त्यांना कधी ना कधी हे होणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, लांबलंय, पण वाचा.

आधी गाडीबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ट्रॅव्हलर आहे, मागची सीट्स काढून दोन वर्षांपूर्वी एका फॅब्रिकेटरकडून बेड, ओटा, पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा फ्रिज असं सगळं करून घेतलं. घरातल्या वापराची बॅटरी वेगळी आहे, लिथियम एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवर. ती तीन मार्गांनी चार्ज होते. गाडी चालू असताना अल्टरनेटरकडून डीसी-डीसी चार्जरमधून, छतावरच्या २०० वॉटच्या सोलर पॅनलमधून, आणि मुक्कामाला बाहेरून २३० व्होल्टची लाइट घेतली की आतल्या ३० अँपिअरच्या चार्जरमधून. हे तीन मार्ग वेगवेगळे आहेत ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा शोध याच्यावरच लागला. बॅटरीच्या मायनसला एक शंट, म्हणजे करंट मोजणारी पट्टी, लावलेला आहे, त्याच्यावरून छोट्या डिस्प्लेवर किती अँपिअर आत येतात, किती बाहेर जातात आणि किती टक्के उरली ते दिसतं.

आमच्याबरोबर सासूबाई, म्हणजे आई, असतात. त्यांचं इन्सुलिन गाडीतल्या फ्रिजमध्ये असतं, न उघडलेली पेनं २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागतात, त्यामुळे रात्री फ्रिज बंद पडणं आम्हाला चालत नाही. कोणाला वाटेल एवढी काय बॅटरीची काळजी, तर ती यासाठी.

६ डिसेंबरला दिंडोरीकडे एका ओळखीच्यांच्या द्राक्षबागेत मुक्काम होता. संध्याकाळी त्यांच्या पंपघराच्या बोर्डावरून लाइट घेतली, गाडीतले २३० चे सॉकेट चालू झाले, मोबाइल चार्जिंगला लागले, आईंची किटली चालली, म्हणजे लाइट आत येतेय हे नक्की. रात्री झोपताना बॅटरी ६४ टक्के होती. सकाळी बघते तर ४३. बाहेरची लाइट जोडलेली असताना रात्रभरात वीस-एकवीस टक्के उतरली होती, आणि डिस्प्लेवर मायनस ३.४ अँपिअर, म्हणजे फ्रिज आणि पंखा जेवढं खातात तेवढं सगळं बॅटरीतूनच जात होतं.

बागवाल्या दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, मोटारी चालू हायेत ना सगळ्यांच्या, लाइट डिम हाये. आमचा टीव्ही पण बंद पडतो." मीटर लावून बघितलं तर खरंच १७२ व्होल्ट. आमच्या चार्जरच्या पाटीवर इनपुट १८० ते २६५ असं छापलेलं आहे, म्हणजे १७२ ला तो चालू न होणं बरोबरच. मला तेव्हा हायसं वाटलं, कारण सापडलं म्हणून. शेतावर मुक्काम करणाऱ्यांनी ही पाटी आधी वाचून ठेवा आणि प्लग लावायच्या आधी सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजा, संध्याकाळी पंप चालू असताना आणि रात्री उशिरा यात खूप फरक पडतो.

पण ते पूर्ण कारण नव्हतं. ७ तारखेला नाशिकला परत आलो, दिंडोरी ते पाथर्डी फाटा, ट्रॅफिक धरून तासाभराच्या आतबाहेर, तेवढ्यात बॅटरी ४३ वरून ५४ झाली. घरी आल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या केबिनमधून लाइट घेतली, तिथे २३४ व्होल्ट येत होते, अगदी छान. चार्जरवर हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे बॅटरी फुल. आणि डिस्प्लेवर तेच मायनस तीन. ५४ टक्के असलेल्या बॅटरीला चार्जर फुल समजतोय, हे काहीतरी वेगळंच प्रकरण आहे हे तेव्हा लक्षात आलं.

आता सोसायटीची गोष्ट, कारण तपासायला दिवसदिवस लाइट जोडून ठेवावी लागते आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ही अडचण येतेच. वॉचमनच्या केबिनमधून एका संध्याकाळपुरतं ठीक, पण सेक्रेटरी काकांनी सांगितलं की कॉमन मीटरवरून घ्यायचं असेल तर लेखी अर्ज द्या, कमिटीत ठेवतो. अर्जात गाडी नंबर, पार्किंग नंबर, किती वॉटचा लोड, आणि वायरिंग लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घेऊ असं लिहून मागितलं. कमिटीची मीटिंग १४ डिसेंबरच्या रविवारी होती, तोपर्यंत थांबावं लागलं. मीटिंगमध्ये एकदोघांनी विचारलं की उद्या सगळेच इलेक्ट्रिक गाड्या लावतील मग काय, तो प्रश्न काही चुकीचा नाही. शेवटी ठरलं ते असं, आमच्या खर्चाने आमच्या पार्किंगच्या खांबावर १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आणि एक सब-मीटर, आणि युनिटमागे १२ रुपये सोसायटीला. सगळं मिळून ४,२०० रुपये गेले. एक हिशोब अर्जात लिहिला होता त्याचा उपयोग झाला, २०० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण रिकामी असली तरी तिच्यात अडीच युनिटच मावतात, चार्जरमधलं नुकसान धरून तीन. हा आकडा ऐकल्यावर बरेचजण शांत झाले.

मधल्या दिवसांत मी नाशिकमधल्याच द्वारकेजवळच्या एका बॅटरीच्या दुकानात जाऊन आले. गाडी बघायला माणूस आला, त्याने लोड टेस्टर लावला, काटा बघितला आणि म्हणाला मॅडम, सेल वीक झालेत, नवीन टाका, एक्स्चेंजमध्ये ४८ हजार. आता तो टेस्टर लेड-अॅसिड बॅटरीसाठीचा होता. त्याच्यावरचे हिरवे-पिवळे-लाल पट्टे लेड-अॅसिडच्या व्होल्टेजवर आखलेले असतात, लिथियम एलएफपीचं व्होल्टेज ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत जवळपास तेवढंच राहतं, १३.१-१३.२ च्या आसपास, त्यामुळे त्या काट्यावरून काही ठरवता येत नाही. आणि मुख्य म्हणजे हीच बॅटरी गाडी चालवताना तासाभरात अकरा टक्के चढली होती. जी बॅटरी डीसी-डीसीवरून करंट घेते तिला चार्जरवरून घ्यायला काय अडचण? हे मी त्याला विचारलं, त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी नम्रपणे नको म्हटलं.

ग्रुपवर एकाने थंडीचं कारण सांगितलं. ते अगदीच उडवून लावण्यासारखं नाही, लिथियम एलएफपी बॅटरी शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायची नसते आणि बऱ्याच बॅटऱ्यांचं बीएमएस, म्हणजे आतलं संरक्षणाचं सर्किट, स्वतःच चार्जिंग थांबवतं. डिसेंबरात निफाडला पारा कुठे जातो ते आपल्याला माहीतच आहे. पण आमच्या गाडीत पहाटे सुद्धा ११-१२ डिग्री होते. आणि थंडीनेच थांबलं असतं तर दुपारी चार्ज व्हायला हवं होतं. ते कारण बाद.

तरी मनात धाकधूक होतीच, कारण बॅटरीला वॉरंटी होती आणि ती अजून शिल्लक असताना तपासून घेणं शहाणपणाचं. १० डिसेंबरला कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी तिकीट नंबर दिला आणि मागितलं ते असं, टॅक्स इन्व्हॉइस, बॅटरीवरच्या सिरीयल नंबरचा फोटो, आणि टर्मिनलवर मीटर धरून व्होल्टेज दिसेल असा व्हिडिओ. इथे अडलं. इन्व्हॉइस फॅब्रिकेटरच्या नावावर होतं, कारण बॅटरी त्याने घेऊन गाडीत बसवली होती. मग फॅब्रिकेटरकडून त्या बिलाची कॉपी आणि लेटरहेडवर "सदर सिरीयल नंबरची बॅटरी अमुक क्रमांकाच्या गाडीत बसवली आहे" असं पत्र, सहीशिक्क्यासकट. हे मिळायला चार फोन आणि बरेच दिवस गेले. ज्यांचं कन्व्हर्जन अजून व्हायचंय त्यांना कळकळीने सांगते, गाडी ताब्यात घेतानाच बॅटरी, चार्जर, सोलर कंट्रोलर, फ्रिज या सगळ्यांची बिलं स्वतःच्या नावावर मागा आणि वायरिंगचा नकाशा कागदावर मागा, हाताने काढलेला असला तरी चालेल. आमच्याकडे नकाशा नव्हता. फॅब्रिकेटरला विचारलं तर तो म्हणाला आमच्या मिस्त्रीला पाठ असतं, तो मिस्त्री गावी गेलाय. वायरिंगची त्याची वॉरंटी एक वर्षाची होती, ती संपलेली.

इंजिनिअर १७ तारखेला आला. तरुण मुलगा होता, बोलायला छान, घाई नाही. त्याने मोबाइलवर बीएमएसचं अॅप उघडून दाखवलं, चारही सेल ३.२८ व्होल्टच्या जवळपास, एकमेकांत फरक हजाराव्या भागात. चार्जिंगचा आतला स्विच चालू, कोणतंही प्रोटेक्शन लागलेलं नाही. त्याने मला एक गोष्ट समजावली ती इथे लिहिते, लिथियम बॅटरी खूपच उतरली की बीएमएस तिला बंद करतं आणि टर्मिनलवर शून्य किंवा अगदी कमी व्होल्टेज दिसतं, मग काही चार्जर समोर बॅटरीच नाही असं समजून चालूच होत नाहीत, तेव्हा आधी बीएमएस जागं करावं लागतं. आमच्याकडे तसं नव्हतं, टर्मिनलवर १३.१ व्यवस्थित होते. त्याने छापील रिपोर्ट दिला, दोष आढळला नाही. दोष नसल्यामुळे व्हिजिट चार्ज लागला, ६०० अधिक जीएसटी, ७०८ रुपये. मला ते पैसे अजिबात जास्त वाटले नाहीत, ४८ हजारांचा प्रश्न त्या कागदाने मिटवला. दोन वर्षांनी काही झालं तर तो रिपोर्ट उपयोगी पडेल म्हणून फाइलला लावून ठेवलाय.

उरला चार्जर. चार्जर कंपनीचं म्हणणं, युनिट काढून कुरिअरने सर्व्हिस सेंटरला पाठवा, पाठवण्याचा खर्च तुमचा, १५ कामाचे दिवस धरा, सील तोडलेलं असेल तर वॉरंटी नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला कोकणात जायचं होतं, आईंना गणपतीपुळ्याला न्यायचं कधीपासून चाललंय. १५ कामाचे दिवस म्हणजे ते गेलंच असतं. म्हणून ठरवलं की काढून पाठवायच्या आधी तो खरंच बिघडलाय का ते बघू.

यासाठी एक स्वस्त वस्तू फार कामाला आली, प्लगमध्ये लावायचा वॉट मीटर. १६ अँपिअरवाला ९०० रुपयांना एमजी रोडला मिळाला. भिंतीचं सॉकेट आणि गाडीची वायर यांच्यामध्ये तो लावायचा, गाडीतलं बाकी २३० वर चालणारं सगळं बंद करायचं, फक्त चार्जरचा एमसीबी चालू ठेवायचा. ३० अँपिअरचा चार्जर जोरात चार्ज करत असेल तर तिथे साडेचारशे वॉटच्या पुढे आकडा दिसायला हवा. आमच्याकडे १४ दिसत होते. १४ वॉट म्हणजे चार्जर जागा आहे, पण काम करत नाहीये. पॅनल न उघडता, कशालाही हात न लावता एवढं कळतं, म्हणून पहिली तपासणी मी कोणालाही हीच सांगेन.

तिथून पुढे मी एकटीने केलं नाही. १२ व्होल्टच्या बाजूला शॉक बसत नसला तरी लिथियम बॅटरीचं शॉर्ट सर्किट झालं तर पाना वितळतो, आणि चार्जरच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट असतात. आमच्या ओळखीत एक वायरमन काका आहेत, अंबड एमआयडीसीत आयुष्यभर कंट्रोल पॅनलची कामं केलेले, आता रिटायर आहेत. त्यांनी कॅम्पर कधी बघितली नव्हती पण म्हणाले, "ताई, वायर ती वायर. करंट एका बाजूनं जातो आन दुसऱ्या बाजूनं परत येतो. कुठंतरी अडलाय." २० तारखेला सकाळी ते आले, गळ्यात चष्मा, हातात स्वतःचा जुना मीटर.

आधी त्यांनी लाइट काढून बेडखालची फळी उघडली आणि कितीतरी वेळ नुसतं बघत बसले. कोणती वायर कुठून कुठे जाते ते कागदावर काढलं, म्हणजे जो नकाशा आमच्याकडे नव्हता तो इथे तयार झाला. मग चार्जर ते बॅटरी मधला फ्यूज, ६० अँपिअरचा, बीप मोडवर तपासला. बीप वाजला. प्लसची वायर, बीप. मायनसची, बीप. मी म्हटलं म्हणजे वायरिंग ठीक आहे, मग चार्जरच ना. काका म्हणाले थांबा.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी खरंतर हा सगळा लेख आहे. मल्टीमीटरचा बीप साधारण ३०-४० ओहमच्या आत काहीही असलं तरी वाजतो. वायर तुटलेली नाही एवढंच तो सांगतो, ती ३० अँपिअर वाहून नेईल का हे सांगत नाही. १२ व्होल्टमध्ये मध्ये कुठे २-३ ओहम जरी अडथळा आला तरी खेळ खलास. ३ ओहममधून ३० अँपिअर ढकलायचे तर ९० व्होल्ट लागतील, आणि आपल्याकडे चार्जर आणि बॅटरीतला फरक जेमतेम एक-दीड व्होल्टचा. म्हणून मोजायचं ते लाइट चालू ठेवून, चार्जर चालू असताना, व्होल्टमध्ये.

तर लाइट जोडली, चार्जर चालू केला. चार्जरच्या स्वतःच्या टर्मिनलवर १४.४. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.१. म्हणजे मधल्या रस्त्यात १.३ व्होल्ट हरवतायत. आता ते प्लसच्या रस्त्यात की मायनसच्या? मीटरची एक पिन चार्जरच्या प्लसवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर, आकडा ०.००. फ्यूज, वायर, सगळं ठीक. मग एक पिन चार्जरच्या मायनसवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. १.३. सगळं तिथे होतं. मला अंगावर काटा आला, एवढे दिवस ज्याच्यामागे फिरत होतो ते असं एका आकड्यात समोर आलं.

चार्जरचा हिरवा दिवा का लागत होता तेही कळलं. चार्जर स्वतःच्या तोंडापाशी व्होल्टेज बघतो, तिथे लगेच १४.४ झाले, करंट अर्धा अँपिअर सुद्धा जात नाही, म्हणजे बॅटरी भरली असं समजून तो फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती राखायच्या मोडवर, जायचा. त्याच्या बाजूने तो बरोबरच होता.

मायनसची वायर हाताने पकडत पकडत गेलो. फॅब्रिकेटरच्या मिस्त्रीने डीसी-डीसी आणि सोलरचे मायनस व्यवस्थित बसबारवर, म्हणजे सगळे मायनस एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर, आणले होते, म्हणून ते दोन्ही मार्ग चालत होते. फक्त चार्जरचा मायनस त्याने जवळचाच बॉडीचा बोल्ट बघून तिथे लावला होता, पाण्याच्या टाकीच्या खाली, आणि बॉडीमधून करंट परत बॅटरीकडे जाईल अशी सोय. पत्र्यावरचा रंग न घासता थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, आवळलेलं. पहिले काही महिने बोल्टच्या आट्यांमधून चाललं असणार. मग दोन पावसाळे, त्यात आम्ही इगतपुरी-घोटीच्या बाजूला पावसात मुद्दाम फिरायला जाणारे, टाकीच्या खालची ओल, बोल्ट गंजला, थिंबलवर हिरवा थर चढला. बोल्ट खोलला तर वॉशरच्या जागी तपकिरी पावडर होती.

खात्री करायला काकांनी एक जाड वायर घेऊन चार्जरच्या मायनसवरून सरळ बसबारवर तात्पुरती जोडली, लाइट चालू केली, आणि वॉट मीटरवर १४ चे ४७० झाले. डिस्प्लेवर प्लस २६ पॉइंट काहीतरी. आई खुर्ची टाकून बाजूलाच बसल्या होत्या, त्यांना अँपिअर काय ते माहीत नाही पण आमचे चेहरे बघून त्यांनी आत जाऊन चहा टाकला.

कायमचं काम दुसऱ्या दिवशी केलं. बोल्ट घासून परत आवळला असता तरी चाललं असतं, काकांचं मत मात्र ठाम होतं की बॉडीवर भरवसा नको, दोन पावसाळ्यांनी परत तेच. म्हणून चार्जरपासून बसबारपर्यंत स्वतंत्र १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर टाकली. अंतर तीन मीटर, जाऊन-येऊन सहा, ३० अँपिअरला यात ०.२ व्होल्टच पडतात. १० एमएम टाकली असती तर ०.३ पडले असते, तेही चालतं, पण किंमतीत फार फरक नव्हता. थिंबल हाताच्या पकडीने दाबायचं नाही, काकांनी अंबडला ओळखीच्या पॅनलवाल्याकडे नेऊन हायड्रॉलिकने मारून आणलं, वरून हीटश्रिंक. आणि वायर बसबारच्या त्या बाजूला लावायची जिथे बाकीचे लोड आहेत, थेट बॅटरीच्या मायनसवर नाही, नाहीतर करंट शंटला चुकवून जातो आणि डिस्प्ले कधीच बरोबर टक्के दाखवत नाही.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगायची आहे. हलवला तो फक्त १२ व्होल्टचा मायनस. २३० व्होल्टची जी हिरवी अर्थिंगची वायर बॉडीला जोडलेली असते ती काढायची नाही. चार्जरमध्ये काही फॉल्ट होऊन बॉडीत करंट उतरला तर त्या वायरमुळेच आरसीसीबी पडतो आणि माणूस वाचतो. काकांनी उलट तिचा बोल्टही खोलून, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासून, स्टार वॉशर टाकून परत आवळला आणि वर ग्रीस लावलं. शेतावरच्या बोर्डाला बऱ्याचदा अर्थिंगच नसतं, ते तपासायची सवय आता आम्ही लावून घेतली आहे, फेज आणि अर्थ यांच्यात मोजलं तर फेज-न्यूट्रल एवढंच व्होल्टेज यायला हवं. तसं येत नसेल तर तिथे जोडायचं नाही, रात्र सोलरच्या साठ्यावर काढायची.

त्या दिवशी बॅटरी ३६ टक्क्यांवर होती, तपासातपासीत उतरली होती. लाइट लावल्यापासून पाच तासांच्या आत पूर्ण भरली. पूर्ण म्हणजे व्होल्टेज १४.४ ला पोचून करंट उतरत उतरत ८ अँपिअरच्या खाली आला, तोपर्यंत थांबलो आणि मग डिस्प्लेला १०० टक्के सेट केलं. हे करायलाच हवं, बरेच दिवस पूर्ण चार्ज न झालेल्या बॅटरीचा टक्केवारीचा हिशोब हळूहळू घसरत जातो. चार्जर आणि वायर पहिल्या तासात हात लावून बघत होतो, चार्जर कोमट, थिंबल गार. थिंबल गरम लागलं तर तिथे काँटॅक्ट नीट नाही असं समजायचं. एक्स्टेंशनची कॉइल असेल तर ती पूर्ण सोडून ठेवायची, गुंडाळलेली राहिली की आतल्या आत तापते, आमच्या शेजारच्या एकांची अशी वितळली आहे.

खर्च म्हणाल तर वायर, थिंबल, हीटश्रिंक, वॉशर मिळून साडेतेराशे. काका पैसे घेत नव्हते, बळंच दीड हजार दिले. वॉट मीटरचे ९००, बॅटरीवाल्यांचे ७०८, आणि सोसायटीचं सॉकेट ४,२००, ते तर पुढेही वापरायचंच आहे. ज्यांना स्वतःचा क्लॅम्प मीटर घ्यायचाय त्यांनी दुकानात डीसी अँपिअर मोजतो का ते विचारूनच घ्या, हजाराच्या आतले बहुतेक फक्त एसी मोजतात, ते १२ व्होल्टच्या वायरवर शून्यच दाखवतात आणि माणूस उगाच घाबरतो. डीसीवाला तीन हजारांच्या आसपास पडतो. साधा मल्टीमीटर पाचशेचा पुरतो, आमचं सगळं निदान साध्या मीटरवरच झालं.

कोकणात जाऊन आलो. गणपतीपुळ्याला मुक्कामाच्या जागी २१८ व्होल्ट होते, अर्थिंग होतं, रोज सकाळी बॅटरी शंभर.

आता एक काम राहिलंय. डीसी-डीसी चार्जरला इंजिनच्या बाजूने येणारा मायनस पण बॉडीच्याच एका बोल्टवरून घेतलाय असं काकांच्या नकाशात दिसतंय. तिथला ड्रॉप गाडी चालू ठेवून मोजला, सध्या ०.०८ व्होल्ट आहे, म्हणजे ठीक आहे, पण तो बोल्ट पुढच्या चाकाच्या वर आहे, जिथे सगळं पाणी उडतं. मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, तोही घासून घेणार आहोत आणि जमलं तर स्वतंत्र वायर टाकणार आहोत, काकांनी वेळ दिली आहे.